पिनकोड बदलून बघा

आखनच्या माझ्या खिडकीतून दुसरा देश दिसतो,
असं मी गावी आले की सांगते.
दिसतं एक पार्किंग,
आणि त्यामागं टेकडीची हिरवी चिंधी, ती हॉलंडची.
कॉफी तिकडून आणायची, शाम्पू इकडं घ्यायचा,
गाडीत तेल बेल्जियमला जाऊन भरायचं
आणि परतताना मनात हिशोब, जाण्यायेण्यात किती जळलं.

सहा महिने तीन सायटी उघड्या होत्या,
वस्तू एकच:
कानाचं यंत्र. डाव्या कानाचं. अप्पांसाठी.
मी तक्ता भरत होते.
एकाचा कर जास्त, एकाचा पोच करायचा खर्च,
एकाच्या बॅटऱ्या वेगळ्या विकत.
सगळ्यात स्वस्त जिथं, तिथं माझा पत्ता चालत नव्हता.
शेजारीण म्हणाली, अगदी इथली झालीस तू.

तिला काय ठाऊक,
अप्पांच्या टेम्पोत, सीटखाली, पान्यांच्या पिशवीत
एक निळी वही असायची.
साखर, चंदगड. पत्रे, बेळगाव.
गोव्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसे, नुसती फुली.
आई ती फुली बघून वही मिटायची.
भाव विचारायला शब्द तीन:
खडेबाजारात एष्टु, शिनोळीत कितीला,
चोर्ल्याचा घाट उतरला की कितलें.
जबाब कुठल्याही भाषेत येवो,
अप्पा म्हणायचे, लई होतंय.

इंजिन त्या टेम्पोचं आतच, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला.
बावीस वर्षं ते एकाच कानाशी बोलत राहिलं.

"काय बघूलालीस रात्रीची?"
बाचीत, पडवीत, लॅपटॉपच्या उजेडात अप्पा.
मी तक्ता दाखवला. रंग केले होते, हिरवा म्हणजे परवडणारा.
"आं?"
मी पुन्हा सांगितलं, ओरडून. कुत्रं उठून बसलं.
"अगं, मागवलंय की मी."

मोबाइलवर मागवलं, शिनोळीच्या पत्त्यावर.
बाचीचा पिनकोड घातला तर पोच करायला साठ रुपये,
भरमाणाकाकांचा घातला तर फुकट.
मधे एक कमान आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ.
राज्य निवडा, असा एक रकाना येतो.
ह्याच रकान्यापायी अप्पांनी एकदा
मोर्चात काठी खाल्ली होती, पाठीवर अजून वळ आहे.
आता आधी दर बघतात, मग राज्य निवडतात.
मी काही बोलले नाही. त्यांनाही ऐकू गेलं नसतं.

सकाळी स्कूटरवर निघालो.
आधी अलीकडं पेट्रोल, पलीकडं महाग.
काकांच्या शिलाई मशिनीवर अर्ध्या बाचीची पार्सलं:
मिक्सरचं भांडं, कुणाचे बूट, लग्नाचा शेला.
इंदूकाकी चहा टाकते आणि नावं वाचते
टपालमास्तरीण असल्यासारखी.

डबीत कातडीच्या रंगाचा एक मणी,
कुणाच्याच कातडीच्या नाही.
कानात घातला तेव्हा शिट्टी वाजली.
अप्पांनी चाक फिरवलं. थांबले.
बाहेर कुणीतरी स्कूटर हलवत होतं.
"हिचा मडगार्ड खडखडतोय,
आणि एकानं मला सांगितलं नाही!"

मग माझ्याकडं वळून, हळूच,
दुकानदाराला बोलावं तसं:
"तुमच्यात कितीला बसलं असतं?"

तक्त्यातला आकडा मला पाठ होता.
माझं यंत्र शंभरपट चांगलं होतं,
फिरवायला चाकही नव्हतं त्याला.
दोन लाख, म्हटलं मी. वर कर.
खरं तर निम्म्याहून कमी.
तेही हळू बोलले मी, सवय सोडून,
आणि काकांचा चहा उतू जात असताना.

अप्पा हसले. "लई होतंय."
पहिल्यांदाच त्यांनी
"आं?" विचारलं नव्हतं.

परत येताना कमानीपाशी
मडगार्ड खडखडत होता.
त्यांनी मणी काढून खिशात ठेवला.
बॅटरी वाचती, म्हणाले.